शोकेसमधला आयफेल टॉवर

गंगापूर रोड, नाशिक
२ सप्टेंबर २०२५

चि. रोहित,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोपर्यंत उरले तर.

व्हॉट्सअॅपवर तुला काहीही लिहिलं की तू अंगठा पाठवतोस. म्हणून हे कागदावर. टुलूजला पोहोचायला वेळ लागेल, लागू दे. माझा राग तेवढ्यात निवणारा नाही.

काल गौरीपूजनाला मी घरी गेले होते. हो, आपल्याच घरी. आईनं बोलावलं. म्हणाली, "हळदीकुंकवाला बाकीच्या बाया येत्यात तशी ये, अन् आप्पा मळ्यातून यायच्या आत निघ." त्या घराची लेक मी, आणि ओटीचं सामान घेऊन परक्या बाईसारखी ओसरीवर चपला काढून उभी. आत गौरी बसलेल्या. त्या माहेरी आल्या म्हणून दारापासून कुंकवाची पावलं काढलेली. मी त्या पावलांच्या कडेकडेनं आत गेले.

मी बाहेर का आहे हे तुला माहीत आहे, पण तू विसरल्यासारखा वागतोस म्हणून पुन्हा लिहिते. निवृत्तीकाका दारूपायी गेले तेव्हा आप्पांनी त्यांच्या अंगावर हात ठेवून शपथ घेतली होती की या घरात दारूची बाटली येणार नाही. मी वायनरीत लागले, वाईन बनवायला शिकले, तेव्हा त्यांनी त्या शपथेत मलाही धरलं. "दारू गाळणारी पोरगी माझ्या उंबऱ्यात नको." आपल्या मळ्यातली द्राक्षं मात्र आमच्याच वायनरीत येतात. दर हंगामात आप्पा ट्रॅक्टरबरोबर वजनकाट्यापाशी उभे असतात आणि मी आत टाकीपाशी. ते म्हणतात, मी द्राक्षं विकतो, पुढं त्याचं काय करायचं ते कंपनीनं बघावं. त्यांच्या घामाची वाईन मी करते आणि आम्ही एकमेकांकडे बघत नाही. दोन वर्षं झाली याला.

आणि काल मी गौरीपुढची आरास बघते तर काय? लाकडी खेळणी, करंज्या, लाडू, आईची मण्यांची बदकं, आणि सगळ्यांच्या मध्ये हातभर उंच काचेचा आयफेल टॉवर. आत निळंशार काहीतरी. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल.

मी जवळ गेले. मागचं लेबल वाचलं. मला वाचता येतं रोहित, माझं कामच आहे ते. बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं, अल्कोहोल किती तेसुद्धा. निळी वाईन आहे ती. तिथली माणसं जेवताना असलं काही घेत नसतील, तुझ्यासारख्या विमानतळावर रेंगाळणाऱ्यांसाठी बनवतात. तू ती मित्रांसाठी घेतलीस, आईनं बॅग उघडल्यावर तिला ती दिसली, आणि तुझ्या तोंडून निघालं, "शोपीस आहे, आत रंगीत पाणी." बरोबर ना? आईनं मला शब्दन् शब्द सांगितलं. आप्पांना तर इतकं कौतुक की त्यांनी शोकेसमधून स्वतःचा आदर्श शेतकरी पुरस्काराचा फेटा काढला आणि तिथं तुझा टॉवर ठेवला. आल्यागेल्याला दाखवतात. "आमच्या रोहितनं फ्रान्सवरून आणलाय."

इथपर्यंत मी दात खाऊन गप्प बसले असते. पण शेजारच्या झुंबरबाई आल्या, बरोबर त्यांची सून निकिता, सातवा महिना लागलेली. झुंबरबाईंना लेबलावर ते गोल चित्र दिसलं. फ्रान्सच्या बाटल्यांवर असतं, पोटुशी बाई आणि तिच्यावरून तिरपी रेघ. गरोदरपणी पिऊ नये म्हणून. झुंबरबाई म्हणाल्या, "अगं, पोटुशी बाई हाय यावर. तिकडचं औषध असंल हे."

आई म्हणाली, "मग ही रेघ कसली?"

"काठी धरलीये तिनं हातात. सातव्या महिन्यात तोल जातोय ना. गौरीपुढं ठेवलंय, आता तर परसादच झाला. चमचाभर देऊ निकिताला."

आणि आईनं चमचा आणला. आपल्या आईनं. कारण तिच्या लेकानं सांगितलं होतं, पाणी आहे.

मी झडप घालून बाटली उचलली. आता सांग, मी काय बोलायला हवं होतं? 'ही दारू आहे' म्हणाले असते तर बायांनी ते संध्याकाळच्या आत गावभर केलं असतं. मी म्हणाले, "काकू, रंगाचं पाणी आहे हे. तो रंग विषारी असतो, पोटात जाऊ द्यायचा नाही, म्हणून तर रेघ मारलीये." तुझं खोटं माझ्या तोंडून निघालं, आणि मी ते तुझ्यापेक्षा बरं सांगितलं. तू दहा दिवस घरी होतास, गंगापूर रोडपर्यंत यायला तुला सवड झाली नाही. पण तुझं निस्तरायला ताई आहेच.

नंतर स्वयंपाकघरात मी आईला खरं सांगितलं. तिनं आधी दार लोटलं. म्हणाली, "आप्पाला नको सांगू. त्यांना कळलं तर रोहितलाबी दार बंद करतील. मला दोन लेकरं हायेत हर्षे, दोन्ही बाहेर ठेवून मी घरात काय करू?"

यावरचं उत्तर तुझ्याकडे आहे. आप्पांना फोन कर आणि तूच सांग. लेकानं स्वतः कबूल केलं तर ते ओरडतील, चार दिवस जेवणार नाहीत, पण दार बंद करणार नाहीत. दुसऱ्याकडून कळलं तर करतील. एवढं तुलाही कळतं.

हर्षाली

गंगापूर रोड, नाशिक
२१ सप्टेंबर २०२५

रोहित,

तुझं उत्तर मिळालं. "ताई, चिल. शोकेसमध्ये कोण बघतंय?" एवढं लांबलचक पत्र लिहायला तुला फार कष्ट पडले असतील.

बघितलं. आमच्या वायनरीचा संतोष. शेतकऱ्यांच्या बागा बघायला तोच फिरतो. छाटणी कशी करायची ते सांगायला काल आपल्याकडे गेला होता. आप्पांनी चहा दिला, शेजारचे कोंडाजीनाना होतेच, आणि रीतीप्रमाणे टॉवर दाखवला. संतोषला फ्रेंच येत नाही, पण बाटलीवरचा 'व्हँ', म्हणजे वाईन, हा शब्द तो रोज बघतो. तो हसला. "आप्पा, ही तर वाईन. तुम्ही पण सुरू केली काय?"

पुढचं मला आधी संतोषनं आणि मग आईनं सांगितलं. आप्पा उठले, शोकेस उघडली, बाटली काढली, बूच उपटलं. वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. मग बाटली संतोषपुढे धरली. "घे, तूबी वास घे. पाणी हाय. माझं पोरगं मला फसवणार नाय."

पाणीच होतं ते. गेल्या पत्रात मी तुला हे लिहिलं नव्हतं, कारण तुला ते न सांगता तुझ्यातलं खरं बाहेर येतं का ते मला बघायचं होतं. आता ऐक. गौरीच्या दिवशी मी बाटली पुसून आणते म्हणून मोरीत नेली आणि सगळी ओतून दिली. आई दाराशी उभी होती. ओतता ओतता एक घोट मी तोंडात घेऊन थुंकला, सवयीनं. साखरेचा पाक होता नुसता. असल्या चीजेसाठी तू आपल्या बापाशी खोटं बोललास. मग मी नळाचं पाणी भरलं आणि आईनं निळीच्या पुडीतली चिमूट टाकली, आप्पांचे सदरे, टोपी धुताना घालते तीच नीळ. रंग अगदी हुबेहूब आला. बूच ठोकलं, सोनेरी कागद पुन्हा गुंडाळला, झेंडूचं फूल होतं तिथं ठेवलं.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. आप्पांच्या शपथेसाठी केलं. ती शपथ मला पटत नाही, तिच्यामुळे मी घराबाहेर आहे. पण काकांना जाताना मीही बघितलंय. आप्पांनी नकळत स्वतःच्या हातानं ती मोडावी आणि वर त्या बाटलीला हळदकुंकू वाहावं, हे मला बघवलं नाही.

आणि त्याचं फळ बघ. संतोष गोंधळला, त्यानं तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला. "मॅडम, तुम्हाला फ्रेंच वाचता येतं, जरा लेबल बघा." बाटली धरलेला आप्पांचा हात मला दिसत होता. दोन वर्षांनी आप्पा माझा आवाज ऐकणार होते, आणि मी काय बोलले? "शोभेची बाटली आहे. नाव वाईनचं देतात, आत पाणी असतं." संतोष मोठ्यानं हसला. आज ऑफिसभर झालंय, हर्षाली मॅडमना लेबल वाचता येत नाही.

फोन बंद व्हायच्या आधी कोंडाजीनाना म्हणाले, "पोरगीनं सांगितलं म्हंजे खरं असंल." आणि आप्पांचा आवाज आला, "तिला काय इचारायचं. घरात कोण खरं बोलतं ते मला ठावं हाय."

ऐकलंस? तू खरा ठरलास. मी तुला खरा केला. रागाच्या भरात टाकीचा नळ मला दोनदा बंद करावा लागला.

आता तरी फोन कर.

हर्षाली

गंगापूर रोड, नाशिक
१० ऑक्टोबर २०२५

रोहित,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "ताई, तू ग्रेट आहेस, काय सांभाळलंस, आता विषय संपला ना." मागे कुणीतरी हसत होतं. तुझ्या मित्रांना ऐकवत होतास का हा किस्सा? गावाकडच्या लोकांनी वाईनला कुंकू लावलं म्हणून? जरूर ऐकव. पण पुढचंही ऐकव की त्या गावाकडच्या बापानं द्राक्षं पिकवून तुला विमानात बसवलं.

विषय संपलेला नाही. आईचा फोन आला होता. दसऱ्याला आप्पांनी तुला व्हिडिओवर विचारलं म्हणे, "त्या टॉवरची जोडी मिळंल का? शोकेसमध्ये एकच बरा दिसत नाय." शेजारी आई उभी होती. आप्पांनी पुन्हा विचारलं, "आत काय असतं रे त्यात?" आणि तू सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालास, "पाणी असतं आप्पा. कलरचं. या वेळी लाल आणतो. दिवाळीला माझा मित्र अमोल येतोय नाशिकला, त्याच्याबरोबर पाठवतो."

पहिल्यांदा तुझ्या तोंडून घाईत निघून गेलं असं मी धरून चालले होते. आई अचानक बॅग उघडते, माणूस गडबडतो, समजू शकते. पण या वेळी तुला कुणी घाई केली नव्हती. तुला सगळं माहीत होतं. निकिताचा चमचा माहीत होता. माझी ऑफिसातली फजिती माहीत होती. तरी तू लाल आणायला निघालास.

तुला ठाऊक आहे ना मला काय हवंय? वाटणी नको, आप्पांनी माझी वाईन चाखावी असंही नाही. मला फक्त आपल्या घराच्या पुढच्या दारानं आत जायचंय, आप्पा घरात असताना. दोन वर्षांत तू त्यांना एकदा म्हणाला असतास, 'आप्पा, ताई वाईट काही करत नाही,' तर त्यांनी ऐकलं असतं. तुझं ते ऐकतात. तू बोलला नाहीस, कारण तुझं काही अडत नव्हतं. आणि आता मला कळतंय की तू बोलला असतास तरी त्याला काय किंमत होती, तुझ्या शब्दाला चव नाही, वासही नाही.

एक लक्षात ठेव. दुसऱ्या बाटलीत मी नीळ भरणार नाही. लाल रंगासाठी तर आईकडे काही नाहीच. अमोल आला आणि ती बाटली घरात गेली, तर मी पुढच्या दारानं जाईन, बोलावलं नसलं तरी, आणि आप्पांसमोर लेबल वाचून दाखवीन. मग आईची दोन्ही लेकरं बाहेर राहिली तर राहू देत. दिवाळीच्या आत फोन कर.

हर्षाली

मळा, ता. दिंडोरी
२३ ऑक्टोबर २०२५

रोहित,

वरचा पत्ता वाचलास ना? मी घरी आहे. ओसरीवर बसून लिहितेय, आणि आप्पा समोर खुर्चीत पेपर वाचत आहेत. घाबरू नकोस, त्यांनीच सांगितलंय तुला लिहायला.

तू फोन केला नाहीसच. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आप्पा गंगापूर रोडला माझ्या खोलीवर आले. एकटे, एसटीनं. हातात कापडी पिशवी. मी दार उघडलं तर म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले, मग पिशवीतून टॉवर काढून टेबलावर ठेवला. बरेच दिवस हलवला नव्हता. नीळ सगळी तळाशी बसली होती आणि वर स्वच्छ पाणी.

"आयुष्यभर अंगावर नीळ घातलेले कपडे घालतोय मी," आप्पा म्हणाले. "जिभेला लावली तवाच कळलं. फ्रान्सवाले काय आपल्या दुकानातली पुडी घालत असतील व्हय?"

मी उभीच होते. ते सांगत गेले. नीळ ओळखली त्याच क्षणी त्यांना दोन गोष्टी कळल्या. आत आधी दुसरं काहीतरी होतं, आणि ते कुणीतरी काढलं. मग संतोषच्या फोनवर मी लेबल चुकीचं सांगितलं. मला ते वाचता येतं हे त्यांना माहीत, म्हणजे काढलं कुणी तेही कळलं. "दोन वर्सं तुला घराबाहेर ठिवलं, का तर तू दारू करती. अन् जिला गौरीपुढं मांडून मी फूल वाहिलं ती बाटली कशाची व्हती?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं. रागानंच विचारलं. तुझ्यासाठी साठवलेला राग त्यांच्यावरही निघत होता, आणि त्यातला बराच त्यांचाच होता. "सगळ्यांसमोर म्हणालात, तिला काय विचारायचं. ते मला लागलं."

"पाव्हण्यांपुढं घर उघडं करायचं व्हतं का मी? मी म्हनलं, घरात कोण खरं बोलतं ते मला ठावं हाय. ते तुलाच म्हनलं व्हतं."

मला ते तसं ऐकू आलं नव्हतं, रोहित. कसं येणार?

मग त्यांनी जोडीचं सांगितलं. जोडी त्यांना नकोच होती. "पोराला एक डाव संधी द्यावी म्हणून इचारलं. आत काय असतं म्हनलं. दोनदा. तो हसत म्हनला, पाणी." एवढं बोलून ते बाटलीकडे बघत राहिले. निवृत्तीकाका गेले तेव्हाही ते असेच बसले होते. तुला हे चित्र पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं. त्यावर अंगठा टाकून दाखव.

मी म्हणाले, "आप्पा, मी नोकरी सोडणार नाही."

"सोड म्हनलं का मी?" मग टॉवर पुन्हा पिशवीत घालत, "बाटली घरात आणायची नाय. शपथ ती शपथ."

"नाही आणणार."

"मंग चल. आईनं सामानाची यादी दिलीये, वाटेत घ्यायचंय सगळं."

एवढंच. मी पुढच्या दारानं आत गेले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग मोरीत जाऊन रडली, आवाज आला आम्हाला. दिवाळी झाली. तुझा अमोल पाडव्याला लाल टॉवर घेऊन दारात आला. आप्पांनी त्याला बसवलं, फराळ दिला, आणि बाटली न उघडता त्याच्याच पिशवीत परत घातली. म्हणाले, "ज्यानं दिली त्याला परत दे."

आता आप्पांचा निरोप. मी विचारलं, शब्द काय लिहू? पेपर खाली न करता म्हणाले, "त्याला म्हणावं, दार उघडं हाय. पण येताना रिकाम्या हातानं ये." आई विचारत होती, मग राग गेला म्हणायचा का? आप्पांनी पेपरचं पान उलटलं. मी माझ्यापुरतं सांगते, माझा गेलेला नाही. तू मला घराबाहेर राहू दिलंस, आईला घाबरवत ठेवलंस, आणि एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या पोराची परीक्षा घ्यायला लावलीस. पोर नापास झालेलं बघायलाही त्यालाच लावलंस. हे मी विसरणार नाही, आणि तू आलास की तोंडावर बोलणार आहे.

शोकेसमध्ये पुन्हा फेटा आलाय. तुझा आयफेल टॉवर मोरीच्या कट्ट्यावर आहे. पुड्या ओल्या होतात म्हणून आई त्यात नीळ कालवून ठेवते. बाटलीचा आकार धरायला बरा आहे म्हणते.

आज भाऊबीज. आईनं ताट लावून दिलं. म्हणाली, भाऊ लांब असला की चंद्राला ओवाळायचं असतं, जा अंगणात. मी नाही गेले. चंद्र माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही, त्याला तुझ्या जागी उभा करायला मला लाज वाटली. निरांजन विझलं, पण ताट मी मोडलेलं नाही. सुपारी, अक्षता, कुंकू सगळं तसंच देवळीत ठेवलंय. ओवाळून घ्यायचं असेल तर इथं येऊन पाटावर बस, आणि आधी आप्पांना सांग त्या बाटलीत काय होतं ते.

आशीर्वादही तिथंच ठेवलेत.

ताई